अकरा कंडेन्सर

भरडावरच्या गॅरेजात, जुन्या टायरांच्या मागं,
ताडपत्रीखाली ती पेटी उभी आहे,
माझ्या खांद्याएवढी.
चार चाकांतलं एक नाही, तिथं चिऱ्याचा तुकडा.
बाबी कोयंडे ताडपत्री ओढतात
आणि स्वतः लांब, पाण्याच्या पिंपाशी जाऊन थांबतात.
"बघ गो, होतला काय."

मी टीव्ही दुरुस्त करायचे.
आता मोबाइलच्या काचा, इन्व्हर्टर,
जत्रेच्या आधी देवळाचा अ‍ॅम्प्लिफायर.
इंजिनातलं मला काही कळत नाही.
पण पाठ उघडली आणि माहेरी आल्यासारखं झालं:
सहा इंची ट्यूब, पंख्यासारखी पसरलेली वायरिंग,
बावीस कंडेन्सर, त्यातले नऊ फुगलेले,
ट्रान्सफॉर्मरवर कुंभारणीनं बांधलेलं मातीचं घर,
पिल्लं उडून गेल्याची भोकं तशीच.
तांब्यावर हिरवा कळंक.
खारी हवा इथं स्क्रूलाही सोडत नाही.
झाकणाच्या आत पेन्सिलीनं:
१७ मे ८९. फ्यूज. मीच बदलला.

शहाऐंशी साली कोल्हापूरचा एक वर्कशॉप मोडला,
तेव्हा ही गुळाच्या ट्रकातून फोंडाघाट उतरली.
महिनाभर, म्हणे, ट्यूबला मुंग्या.
चार सिलिंडर, चार हिरव्या रेघा.
एक बुटकी दिसली की तो प्लग मेला.
लोक तिकीट नसलेला सिनेमा बघितल्यासारखे
आपल्याच गाडीच्या रेघा बघत उभे राहायचे.

"पण खरा सांगू?" बाबी म्हणाले,
"माका आधीच कळलेला असायचा."
पान्याचं एक टोक इंजिनाला, एक कानाला.
रेघा गिऱ्हाइकासाठी होत्या.
कानावर कोण पैसे देतो?

मग हिशेब मांडला, बिलाच्या मागच्या बाजूला.
कंडेन्सर बावीस: सोळाशे, अधिक कुरियर.
ट्यूब: कुणी जपून ठेवली असेल तर तो म्हणेल ते.
वायर, चिमटे, एक चाक.
माझे चौदा दिवस (हे कुणी धरत नाही, मीही खोडलं).
आणि पॉइंटवाली गाडी आता आहे कुठं?
एक पद्मिनी आचऱ्याला, तिच्यात कोंबड्या.
पुतण्या गौरेश तळहाताएवढं यंत्र
स्टिअरिंगखाली खुपसतो, आकडा येतो,
आकड्याचा अर्थ मोबाइल सांगतो.
भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे, ट्यूब सोडून.

मी "नको" म्हणणारच होते.
गौरेशनं मला बाजूला घेतलं.
परवा एक व्हॅन आली, टकटक रस्त्यावर ऐकू येत होती.
काकांनी पाना कानाला लावला
आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.
मग म्हणाले, ठीक आसा, ने.

मी पेटीकडं परत गेले.
हुकाला टायमिंग लाइट लटकत होता, पिस्तुलासारखा.
त्यात एकच कंडेन्सर. माझ्या डब्यात होता.

दांडीवरून कुणाचंसं आउटबोर्ड आलं होतं,
रॉकेलचं, पिंपात बुडवून टांगलेलं.
दोरी ओढली. धूर, पाणी, कानठळ्या.
चिमटा प्लगच्या वायरला, दिवा फ्लायव्हीलवर.
संध्याकाळ पुरती झाली नव्हती,
बाबींनी शटर अर्धं खाली ओढलं.
हजार वेळा फिरणाऱ्या चाकावर
खडूची एक पांढरी खूण
अंधारात जागच्या जागी उभी.
जरा पुढं होती, दोन बोटं.
बाबी वाकले. प्लेट सैल केली, सरकवली,
खूण हळूच मागं आली.
"थांबली," ते म्हणाले, फार मोठ्यानं,
स्वतःला ऐकू यावं म्हणून असेल.

हिशेबाचा कागद मी पुढं केला.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळं वाचलं,
खोडलेलं चौदासुद्धा.
खिशातून नोटा काढल्या, रॉकेलचा वास असलेल्या,
थुंकी लावून मोजल्या.
"बावीस नको. अकरा हाड.
उरलेले पावसाळ्यानंतर बघू."

अकरांवर काहीच चालत नाही, हे मी सांगायला हवं होतं.
कुंभारणीचं घर मात्र मी काढलं नाही,
आणि कागदावर आकडा लिहून घेतला.